जुन्या ऑटोमॅटिकचं लाल ऑइल: आधी तपासा, मग बदला

गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढायची, पांढऱ्या टिपकागदावर एक थेंब सोडायचा आणि अर्धा तास दुसरं काहीतरी काम करायचं. जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलावं की नाही, एकदम बदलावं की दोन-तीन खेपांत, हे मी त्या थेंबावरून ठरवते. पान्याला हात त्यानंतर.

तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने तपासण्यात गेली, त्यामुळे ही खोड अंगात मुरलेली आहे. नमुना आला की आधी डोळे, मग नाक, मग मशीन. नोंद लगेच, लेबल त्याच्याही आधी. माझी गाडी १९९८ सालची, चार गिअरची ऑटोमॅटिक. तिच्या गिअरबॉक्सची वेगळी वही आहे आणि त्या वहीत टिपकागदाचे डाग तारखेनिशी चिकटवलेले आहेत. भाच्याला याची गंमत वाटते. "मावशी, गाडीचा ब्लड रिपोर्ट काढतेस काय?" हो बाबा, तोच काढते.

यामागे एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपात गाडी दिली होती. तिथे 'सगळ्या गाड्यांना चालणारं' एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, भरून मिळालं. पंधरा दिवसांत ताशी ६०-७० किलोमीटरच्या वेगाला, हलक्या पायाने चालवताना गाडी थरथरायला लागली. रस्त्यावर वेग कमी करायला आडवे जाड पट्टे मारलेले असतात ना, त्यांवरून गेल्यासारखं. ॲक्सिलरेटर जरा दाबला की थरथर गायब. प्लग बदलून झाले, इंजिनचे माउंट बदलून झाले, फरक शून्य. शेवटी डिपस्टिकच्या मुठीवर कोरलेलं नाव चष्मा लावून वाचलं, त्या दर्जाचं ऑइल आणलं आणि दोन खेपांत बदललं. थरथर गेली. इंजिनला गिअरबॉक्सशी ऑइलमधून जोडणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. त्याच्या आत दोघांना थेट जोडणारा एक लॉकअप क्लच असतो, त्याला नको ते ऑइल मिळत होतं. तेव्हापासून हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

या ऑइलचं काम काय

इंजिन ऑइलने घर्षण कमी केलं की त्याचं बरंचसं काम झालं. एटीएफचं तसं नाही. त्याला घसरवायचंही असतं आणि धरायलाही लावायचं असतं. पंप ते दाबाने खेळवतो, त्या दाबावर व्हॉल्व्ह सरकतात आणि क्लच आवळले जातात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनचा जोर याच ऑइलमधून पुढे जातो. गिअर आणि बेअरिंगचं वंगण तेच, आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणारंही तेच. आणि क्लचच्या चकत्या त्या ऑइलात बुडालेल्या असतानाच एकमेकींना पकडतात. चकतीवर कागदासारख्या तंतूंचा थर असतो. तो किती चटकन धरेल, किती मऊ धरेल, हे ऑइलात मिसळलेली घर्षण-सुधारक रसायनं ठरवतात. एका कंपनीचं एटीएफ दुसरीच्या गाडीत चालेलच असं नाही, त्याचं मोठं कारण इथे आहे. पूर्वी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, या कामासाठी चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालत असत. व्हेलच्या शिकारीवर आणि तेलावर निर्बंध आले आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधत बसावं लागलं.

ही रसायनं उष्णतेने मरतात. ऑइल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं तर ते बरीच वर्षं टिकतं. त्यावर दर दहा-अकरा अंशांमागे आयुष्य अर्धं होतं, असा मेकॅनिकांचा ढोबळ हिशेब आहे. घाट, ओझं, तासन्‌तास रांगत चालणारा ट्रॅफिक, या तिन्हींत तापमान वर जातं. म्हणून 'हे ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही' असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असलं, तरी तिथेच पुढे 'कठीण परिस्थितीत चालवत असाल तर' असं एखादं कलम सापडतं का ते बघा. बऱ्याच गाड्यांत ते असतं, आणि आपलं रोजचं चालवणं त्यातच बसतं. मी ५०,००० किलोमीटरला बदलते.

थेंब वाचताना

गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा, म्हणजे तळाला बसलेलं ऑइल ढवळलं जाईल. डिपस्टिक पुसून परत घाला, काढा, थेंब टिपकागदावर सोडा. ऑइल चांगलं असेल तर डाग लांबवर पसरतो आणि गुलाबी-तांबूस राहतो. थकलेलं असेल तर मध्ये काळपट ठिपका बसतो आणि कडा फारशी पसरत नाही. रंग एकटा काही सिद्ध करत नाही. एटीएफचा लाल रंग हा नुसता वरून घातलेला रंग आहे, गळती झाली तर इंजिन ऑइलपासून ओळखू यावी म्हणून. काही एटीएफं तर लाल नसतातच. शिवाय काही चांगली ऑइलंसुद्धा थोड्याच काळात तपकिरी पडतात. रंगापेक्षा माझा विश्वास वासावर जास्त आहे. नव्या एटीएफला हलका पेट्रोलियमचा वास असतो. क्लचच्या चकत्या जळल्या असतील तर करपल्याचा उग्र वास येतो, आणि एकदा घेतला की तो विसरता येत नाही.

मग निर्णय. तांबूस-तपकिरी आहे, करपल्याचा वास नाही, गिअर नीट पडतात: निर्धास्त बदला. काळपट आहे, थोडा वास आहे, पण गाडी घसरत नाही: बदला, पण सावकाश, खेपाखेपांनी. काळं आणि करपलेलं आहे, शिवाय इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे ओढत नाही: क्लच गेलेले आहेत, नव्या ऑइलने ते उगवून येणार नाहीत. पैसे दुरुस्तीसाठी ठेवा. आणि ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. अनेक गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्याच पोटात असतो. तो आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि चकत्यांवरचा थर सोडवायला लागतं. तिथे आधी रेडिएटर, मग बाकी सगळं.

'जुन्या गाडीचं एटीएफ बदललं की गिअरबॉक्स बसतो' हे तुम्ही ऐकलंच असेल. मीही ऐकलंय, आणि त्यात थोडं तथ्य आहे. पण नीट बघितलं तर बहुतेक जण ऑइल बदलायला जातात तेच मुळी गाडी घसरायला लागल्यावर. आजार शेवटच्या टप्प्यात असताना सलाईन लावलं आणि पेशंट गेला, तर दोष सलाईनचा म्हणायचा का? खरा धोका दाबाने फ्लश करण्यात आहे. वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेला गाळ एकदम सुटतो आणि व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत जाऊन अडकतो. म्हणून लाखभर किलोमीटर ऑइलला हात न लागलेल्या गाडीला मी फ्लश मशीन लावू देत नाही. नुसतं खाली काढायचं, वरून भरायचं.

कुठलं ऑइल

नाव तीन ठिकाणी शोधा: डिपस्टिकची मूठ, गाडीचं पुस्तक, गिअरबॉक्सवरचं किंवा बॉनेटखालचं लेबल. दुकानदार काय म्हणतो ते चौथ्या नंबरवर.

जनरल मोटर्सने १९४९ मध्ये 'टाइप ए' नावाचा पहिला सर्वमान्य दर्जा आणला, त्याच घराण्यात पुढे डेक्सरॉन आलं. १९९० च्या दशकातल्या पुष्कळ गाड्यांवर, जनरल मोटर्सच्या नसलेल्यांवरही, डेक्सरॉन-टू किंवा डेक्सरॉन-थ्री लिहिलेलं सापडतं. थ्री आलं १९९३ मध्ये. २००५ मध्ये डेक्सरॉन-सिक्स आलं आणि २००६ च्या अखेरीस थ्रीचे परवाने संपले. त्यामुळे आज बाटलीवर 'डेक्सरॉन-थ्री दर्जाचं' असं दिसतं ते बाटली भरणाऱ्या कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेलं असतं, त्यामागे जनरल मोटर्सचा शिक्का नसतो. म्हणून त्या दर्जाचं ऑइल घेताना नावाजलेल्या कंपनीचंच घ्यावं. सिक्स हे थ्रीच्या जागी चालतं असं जनरल मोटर्सचं अधिकृत म्हणणं आहे. पण सिक्स पातळ आहे: १०० अंशांना त्याची घनता नव्हे, चिकटपणा साधारण ६ सेंटिस्टोक, आणि थ्रीचा सात-साडेसात. माझ्या गाडीचा पंप आणि सील पंचवीस वर्षांहून जुने आहेत, त्यांना जुनं जाडसर ऑइल बरं, असं माझं मत. तुमच्या गाडीत आधीपासून सिक्स असेल आणि ती सुरळीत चालत असेल, तर माझं ऐकून उगीच बदलू नका.

इतर घराणी थोडक्यात. फोर्डच्या जुन्या गाड्यांचं टाइप एफ आणि डेक्सरॉन यांचा स्वभाव उलटा आहे. टाइप एफ झटकन आणि कडक धरतं, म्हणून ही दोन एकमेकांच्या जागी घालायची नाहीत. फोर्डचं साधं मर्कॉन बंद झालं, त्याची जागा मर्कॉन-फाइव्हने घेतली. पण मर्कॉन एलव्ही हे तिसरंच पातळ ऑइल आहे, नावाच्या सारखेपणाला भुलू नका. टोयोटाच्या गाडीवर टी-फोर लिहिलं असेल तर डब्ल्यूएस घालू नका, आणि उलटही करू नका. होंडाचं झेड-वन होतं, त्याऐवजी आता डीडब्ल्यू-वन येतं आणि ते जुन्या होंडांना चालतं. मित्सुबिशी आणि अनेक जुन्या ह्युंदाईंना एसपी-थ्री लागतं. क्रायस्लरच्या गाड्यांना एटीएफ-प्लस-फोर, तिथे डेक्सरॉनचा पर्याय धरायचा नाही.

सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा. त्यात स्टीलचा पट्टा स्टीलच्याच पुलीला धरतो, त्याला वेगळं ऑइल लागतं. साधं एटीएफ घातलंत तर पट्टा घसरून पुली खरवडली जाईल. दुहेरी क्लचचे आणि एएमटी (मॅन्युअलचाच, पण क्लच-गिअर मशीन टाकतं असा) गिअरबॉक्सही या लेखात नाहीत. आपल्या गाडीत नक्की काय आहे हे माहीत नसेल तर ऑइल विकत घेण्याआधी ते शोधा.

बाटलीवरची भाषाही बघायला शिका. 'परवानाप्राप्त' किंवा 'मंजूर' म्हणजे गाडीच्या कंपनीने तपासून होकार दिलेला. 'दर्जा पूर्ण करतं' म्हणजे ऑइलवाले स्वतः म्हणतायत. 'साठी योग्य' आणि खाली पन्नास नावांची यादी म्हणजे, मोकळेपणाने सांगायचं तर, आशा. मी पहिलं घेते, ते मिळत नसेल तर दुसरं. तिसऱ्याने मला काय दाखवलं ते वर सांगितलंच आहे. गळती थांबवणाऱ्या, गिअर मऊ करणाऱ्या छोट्या बाटल्याही मी घालत नाही. त्यातली काही रसायनं सील फुगवून गळती तात्पुरती थांबवतात, पण आत मिसळलेलं नंतर वेगळं काढता येत नाही.

किती आणायचं

इथे लोक फसतात. पुस्तकात गिअरबॉक्सची पूर्ण क्षमता लिहिलेली असते, पण खालचा बोल्ट काढला की त्यातलं निम्मंसुद्धा बाहेर येत नाही. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांत अडकून राहतं. माझ्या गाडीत एकूण ७.६ लिटर आहे आणि एका खेपेला ३.२ लिटर निघतं. लॅबमध्ये आम्ही सीरियल डायल्यूशन, म्हणजे नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करणं, करायचो, हे तेच आहे. पहिल्या खेपेनंतर नवं ऑइल साधारण ४२ टक्के, दुसऱ्यानंतर ६६, तिसऱ्यानंतर ८० टक्के. चौथ्या खेपेला हाती फारसं लागत नाही, म्हणून मी तीनवर थांबते. दोन खेपांमध्ये पाचशे ते हजार किलोमीटर गाडी चालवते, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे फिरून येतं आणि गाळ हळूहळू सुटतो. तीन खेपांचं मिळून दहा लिटर आणते. त्यातलं साधारण ४०० मिलिलिटर पुढे कमीजास्त भरायला उरतं.

हे एकाच दिवशी उरकायचं असेल तर कूलरची परतीची नळी सोडून, इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सच्याच पंपाने जुनं बाहेर काढत वरून नवं घालत जायची पद्धत आहे. तिला दोन माणसं लागतात, आणि क्षणभर लक्ष चुकलं तर पंप कोरडा पडतो. मी एकटी करते, त्यामुळे या वाटेला जात नाही.

काम करताना

सपाट जागा. पार्किंग ब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, गाडी जॅकने उचलून स्टँडवर. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. ऑइल कोमट हवं, गरम नको. फिरून आल्यावर तासभर थांबा. चेंबरला (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या पत्र्याच्या तबकाला) हात लावून ठेवता आला की सुरू करा. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर चष्मा.

आधी भरायची जागा मोकळी करा. डिपस्टिकची नळी असेल तर प्रश्न नाही. पण डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत भरायचा बोल्ट गिअरबॉक्सच्या अंगाला असतो आणि वर्षानुवर्षं न उघडल्याने तो गंजून बसलेला असतो. खालचं ऑइल सोडून दिलं आणि मग वरचा बोल्ट निघेना, तर गाडी तिथेच रुतली. वरचा सुटल्याशिवाय खालच्याला हात नाही.

खालचा बोल्ट कुठला, हे चित्र बघून नक्की करा. एकदा मी इंजिन ऑइल बदलायला खाली शिरले आणि सोडला गिअरबॉक्सचा बोल्ट. काळं यायच्या जागी लालसर धार आली म्हणून तेवढ्यात बोट लावून धरलं, दुसऱ्या हाताने बोल्ट चाचपडत बसले आणि बाही कोपरापर्यंत भिजली. रंगाला फार किंमत देऊ नका असं वर म्हटलं, पण त्या दिवशी रंगानेच वाचवलं. ते लक्षात आलं नसतं तर इंजिनात दुप्पट आणि गिअरबॉक्समध्ये जवळजवळ काही नाही, अशी गाडी चालू केली असती.

ऑइल खुणा असलेल्या भांड्यात काढा. किती निघालं ते मिलिलिटरमध्ये लिहा. मी जुनी पाच लिटरची पारदर्शक बाटली वापरते, तिच्यावर मोजपात्राने मोजून स्वतः रेघा मारल्या आहेत. अख्ख्या कामात यापेक्षा मोलाची दुसरी गोष्ट नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की गाडीत मुळातच ऑइल कमी असेल तर निघालं तेवढंच भरून भागणार नाही. म्हणून काढण्याआधी पातळीही नोंदवा. आणि जुनं ऑइल त्याच वेळी मोजा ज्या वेळी ते नव्याच्या तापमानाला आलेलं असेल. पूर्ण क्षमतेएवढं ऑइल ६० अंशांनी तापलं तर पाव ते अर्ध्या लिटरच्या मध्ये कुठेतरी फुगतं, आणि डिपस्टिकवर तो फरक लगेच दिसतो.

पहिल्या खेपेला चेंबर उतरवायचा की नुसता बोल्ट सोडायचा? फिल्टर चेंबरच्या आत असेल तर उतरवा. काही गिअरबॉक्समध्ये, जुन्या होंडांमध्ये उदाहरणार्थ, मुळात खाली चेंबरच नसतो, तिथे बोल्ट सोडणं एवढंच. चेंबर उतरवताना सगळे बोल्ट एकदम काढू नका. एका कोपऱ्याकडचे दोन ठेवून बाकीचे काढा, म्हणजे चेंबर तिरका होतो आणि उरलेलं ऑइल एका बाजूने भांड्यात पडतं. सरळ खाली घेतलात तर ते अंगावर.

चेंबरमध्ये एक-दोन लोहचुंबक असतात. त्यांवर करड्या रंगाचा लोण्यासारखा थर असणारच. बोटांत चोळून बघा: गुळगुळीत लागला तर वयाची झीज आहे, काळजी नको. चकचकीत कपच्या, सुयांसारखे तुकडे किंवा पितळी चुरा दिसला तर आत काहीतरी खाल्लं जातंय. फोटो काढा, तुकडे डबीत ठेवा, आणि पुढचा खर्च करण्याआधी जाणकाराला दाखवा.

चुंबक पुसून होते तिथेच बसवा. चेंबर ब्रेक क्लीनरने धुवा. पुसायला सूत सुटणारं फडकं नको. एक तंतू व्हॉल्व्हमध्ये गेला तर त्याचा त्रास महिनोन्‌महिने. नवा फिल्टर बसवताना जुन्याची ओ-रिंग वरच्या भोकात चिकटून राहिलेली नाही ना, ते बोटाने चाचपा. जुनी तशीच राहून तिच्यावर नवी चढली तर फिल्टर नीट बसत नाही, आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो.

आता गॅस्केट. चेंबरची कड सपाट हवी. मागच्या कुणीतरी बोल्ट दामटलेले असतील तर भोकांभोवती पत्रा खोलगट झालेला असतो, तो लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करा. रबर किंवा कॉर्कचं गॅस्केट कोरडंच लावायचं, सिलिकॉन फक्त पुस्तकात सांगितलं असेल तर. बोल्ट आधी सगळे बोटांनी, मग मधून बाहेर, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत. हे ६ मिमीचे बारीक बोल्ट असतात, त्यांना साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातून घ्या. लांब पाना लावून 'अजून थोडं' केलंत की गॅस्केट बाहेर पिचकतं किंवा ॲल्युमिनियममधले आटे जातात. आटे गेले की दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. खालच्या बोल्टचा वॉशर मात्र नवा घाला.

भरताना लांब नळीचं, जाळी असलेलं स्वच्छ नरसाळं घ्या. डिपस्टिकची नळी अरुंद असते, घाई केली तर ऑइल परत वर उसळतं. निघालं त्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा आणि थांबा. गाडी अजून जमिनीला समांतर आहे ना? नसेल तर खाली उतरवा. इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून धरा आणि लिव्हर पी, आर, एन, डी आणि खालच्या गिअरांतून फिरवा, प्रत्येक ठिकाणी पाचेक सेकंद. त्यात सगळ्या वाटा ऑइलने भरतात. मग पातळी बघून उरलेलं थोडं थोडं घाला.

पातळी

बहुतेक गाड्यांत पातळी बघायची ती ऑइल तापलेलं असताना, इंजिन चालू, लिव्हर पीमध्ये. काही गाड्यांत एनमध्ये. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र गाडी तापवून, इंजिन बंद करून, लगेच मिनिटाभरात. पुस्तक सांगेल तसंच करा, कारण चुकीच्या पद्धतीने बघितलं तर पाऊण लिटरचा घोळ सहज होतो. डिपस्टिकवर थंडची आणि गरमची अशा वेगळ्या खुणा असतात. अंतिम निवाडा गरमवर.

डिपस्टिकच्या दोन्ही बाजूंनी सारखंच वाचन आलं पाहिजे. एका बाजूला पातळी वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसत असेल तर नळीच्या भिंतीवरचं ओलं ऑइल लागलंय. कमी दिसणारी बाजू खरी धरा, किंवा दहा मिनिटं थांबून परत बघा.

कमी असेल तर पंप हवा ओढतो, गिअर उशिरा पडतो, कुंईऽ असा आवाज येतो. जास्त असेल तर फिरणारे गिअर ऑइल घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. लक्षणं जवळजवळ तीच. म्हणून 'थोडं जास्त असलेलं बरं' हे इथे खरं नाही. जास्त झालंच तर ६० मिलिलिटरची सिरिंज आणि बारीक लवचीक नळी घ्या. डिपस्टिकच्या वाटेने नळी आत सोडून ओढून काढा. एवढं एक हत्यार लॅबमधून थेट गाडीकडे आलेलं आहे.

डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत पातळीचा बोल्ट असतो. ऑइल ठरावीक तापमानाला असताना तो उघडायचा. धार लागली तर जास्त आहे, ती थांबून बारीक थेंब पडायला लागले की बरोबर. हे तापमान बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असतं. स्कॅनरवर ते थेट दिसतं. स्कॅनर नसेल तर चेंबरवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून अंदाज येतो. इंजिन चालू, गाडी चारही बाजूंनी सारखी उंच. पुढचीच चाकं उचलून हे केलं तर पातळी चुकणारच.

नंतर

पहिले काही दिवस गिअर पडण्याची तऱ्हा थोडी वेगळी वाटू शकते. काही गाड्यांचा कॉम्प्युटर जुन्या ऑइलच्या पकडीशी जुळवून घेतलेला असतो आणि नव्याला जुळवायला त्याला शंभर-दोनशे किलोमीटर लागतात. झटके त्यानंतरही राहिले किंवा वाढले तर आधी पातळी परत बघा. निम्म्या वेळा तिथेच सापडतं.

जुनं ऑइल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या. त्यात पेट्रोल, कूलंट काही मिसळू नका, मग ते घेत नाहीत. गटारात किंवा मातीत तर अजिबात नको. त्यातलं ५० मिली मी काचेच्या बाटलीत ठेवते, तारीख आणि किलोमीटर लिहून. पुढच्या खेपेचं ऑइल शेजारी धरलं की किती सुधारलं ते उजेडात लगेच दिसतं.

आणि आठवडाभर रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. पुढच्या चाकांच्या रेषेत, गिअरबॉक्सच्या बरोबर खाली. सकाळी लाल ठिपका दिसला तर त्याच्या वरचा बोल्ट पुस्तकातल्या आकड्याएवढाच आवळा, चेंबर पुसून कोरडा करा, आणि पुठ्ठा उलटा करून परत ठेवा.